बधीर जिभा

यांगोना या फिजीतल्या झुडपाच्या मुळांचा रस नसांची दारं मिटतो, मग जिभेची खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही. याला किती वेळ लागतो, ते मोजायला मकेरेता सुवाच्या प्रयोगशाळेतून आपल्या गावी आली. चटईवर बसलेल्या मामालोकांना तिने करवंट्या भरून दिल्या.

"जीभ बधीर झाली की सांगा. ज्याची झाली, त्याचं पिणं बंद."

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मुळं संपत आली, तरी सगळ्यांचं एकच, "अदून नाय गं पोली, ओत!"

मकेरेताने कपाळावर हात मारला. "बरं, नियम बदलला. आता जीभ बधीर झालेल्यालाच पुढची करवंटी."

 

नुकतेच आलेले विलिकेसामामा दारात चपला काढता काढताच ओरडले, "धाली गं, माधी धाली!"