कुठला कॅम्प?

“साहेब, आमच्याकडं या, तंबू थेट तलावाला लागून!” एकानं आमच्या गाडीचं दार उघडलं. शेजारच्या कॅम्पवाल्यानं ते लाथेनं बंद केलं. “तिकडं विंचू निघतात!”

कुठला कॅम्प घ्यावा, हे आम्ही ठरवायच्या आत पहिल्यानं तंबूची लोखंडी खुंटी दुसऱ्याच्या डोक्यात घातली. तोंड रक्तानं माखलं तरी त्यानं पहिल्याला चिखलात पाडलं आणि छातीवर बसून गळा आवळला.

एक म्हातारी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावत आली. वरच्याच्या पाठीत तिनं ते हाणलं, तेव्हा कुठं गळा सुटला. मग त्याच्या फुटलेल्या डोक्यावर पदर दाबत ती आम्हाला म्हणाली, “कुठंही उतरा. दोन्हीकडं जेवण माझ्याच चुलीवरचं. ही माझी दोन पोरंही तिथंच जेवतात, पाठीला पाठ लावून.”