पंचाच्या कपाळावरची पट्टी

“आई, आज तरी माझ्याकडे बघशील का गं?” तलवार घेऊन आखाड्यात उतरताना उर्मिलाने विचारलं.

“इथे पंच म्हणायचं,” हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळावरची पट्टी घट्ट केली.

पंचाच्या मनात कुणाची बाजू आली की ती पट्टी तांबडी उजळे, आणि त्या वाराचा गुण त्याच्या समोरच्याला जाई. नियम हौसाबाईंनीच लिहिलेला. म्हणून तर पोटच्या पोरीच्या झुंजीलाही त्याच पंच. अकरा वर्षांत त्यांची पट्टी एकदाही तांबडी झाली नव्हती. बाईंच्या डोक्यात तराजू टांगलाय, असं लोक शपथेवर सांगत.

उर्मिला आणि तिच्या समोरची बरोबरीत आल्या. एकच गुण उरला. उर्मिलाचा पाय घसरला, समोरचीची तलवार गळ्याशी आली, आणि गुडघ्यावरूनच उर्मिलाने तिच्या चिलखतावर तलवारीचं टोक टेकवलं.

मैदान उसळलं आणि लगेच गप्प झालं. हौसाबाईंना कपाळाशी ऊब जाणवली.

“गुण समोरचीला,” त्यांनी सांगितलं. “उर्मिला हरली.”

उर्मिला त्या तांबड्या उजेडाकडे बघत उठली. डोळे पुसत हसली.

“म्हणजे मी जिंकावं असं वाटतं तर तुला, आई!”

या खेपेला हौसाबाईंनी तिला टोकलं नाही.