घेणाऱ्याचं नाव

दवाखान्यातून नऊ दिवसांची लेक घेऊन सुगंधा भोईर एसटीनं घरी निघाली होती. तपासणी नाक्यावर बाकीचे प्रवासी पार झाले, तिच्यापाशी मात्र यंत्र बोंबललं. कारखान्यांच्या विषारी कचऱ्याच्या थेंबाथेंबात आता माग काढण्यासाठी सरकारी खूण मिसळलेली असते. ती तिच्या रक्तात निघाली.

"विनापरवाना कचरा वाहताय," निरीक्षक म्हणाला.

"आमच्या विहिरीत टँकर रिकामा केला, त्याला धरा की!"

"कारखान्याचा माल विल्हेवाट केंद्रात पोचल्याची नोंद आहे. त्यांचे कागद चोख आहेत."

लेक रडू लागली. सुगंधानं तिला पदराआड घेतलं, तसा निरीक्षकानं फॉर्म पुढे सरकवला.

"थांबा! पाजलं की कचरा दुसऱ्याच्या ताब्यात जातो. आधी नोंद. घेणाऱ्याचं नाव?"

"मेल्या, अजून बारसं व्हायचंय तिचं!"