आकतालचा विजयदिन

दरवर्षी याच तारखेला आकताल गाव घोडेस्वारांच्या खेळातला आपला ऐतिहासिक विजय मैदानात जसाच्या तसा पुन्हा घडवतं, म्हणून प्रतिस्पर्धी गावच्या एसेनकुलला दरवर्षी हरावं लागतं. तेव्हा आकतालच्या तुराटने त्याला घोड्यावरून पाडून बोकडाचं धड गोल म्हणून बांधलेल्या मातीच्या कढईत टाकून सामना जिंकला होता. पुढे एसेनकुल तुराटच्याच बहिणीचा नवरा झाला, त्यामुळे नकार द्यायची सोय राहिली नाही. आज तो खोगीर आवळत असताना बायको म्हणाली, “नात पहिल्यांदाच बघतेय. यंदा पडू नका.” घोडे खेटून धावले. सोडायची ठरलेली जागा आली, गेली. एसेनकुलने धड सोडलं नाही. “दाजी, सोडा ना,” तुराट पुटपुटला. “मंत्री बघताहेत.” “नात बघतेय.” एका हिसक्यात तुराट जमिनीवर आणि धड कढईत. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. तुराट धूळ झटकत उठला. “आधी सांगायचं ना, दाजी. पडायचा सराव केला असता.”