होडीच्या पोटातलं नाव

मालक होडी न्यायला आले तेव्हा मिस्त्री ओंडक्यावर बसून गोष्ट ऐकत होते. शेजारी त्यांची मुलगी मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन वाचत होती. मिस्त्रींनी मालकांना हातानंच थांबायची खूण केली. सूर्य गिळायला निघालेला लांडगा साखळी तोडत होता; अशा वेळी होडीची घाई कसली?

मिस्त्रींची नजर अधू झाल्यापासून ही सहाशे पानांची कादंबरी रोज चहाच्या वेळी कारखान्यात वाचली जात होती. बर्फाचा समुद्र, नऊ जगांना तोलून धरणारं झाड, शहाणपणाच्या बदल्यात एक डोळा देऊन बसलेला देव. मुलीला वाटलं होतं, बाबा दहा पानांत पेंगतील. पण तिसऱ्याच दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि या लेखिकेला होड्या कळतात, असं जाहीर केलं. फळीवर फळी चढवून ठोकायची पद्धत तिनं बरोब्बर लिहिली होती. मग काय, बाबा तिकडचेच झाले. राजावर चिडले. राणीची होडी बांधणारा म्हातारा सुतार मेला, त्या दिवशी धड जेवले नाहीत. त्या सुतारानं जाण्याआधी होडीच्या तळाशी असलेल्या कण्यावर आपलं नाव कोरलं होतं, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. ते पान मुलीला तीनदा वाचावं लागलं.

प्रकरण संपलं. मालकांनी होडीभोवती फेरी मारली, वाकून सांधे पाहिले, फासळ्यांवरून हात फिरवला. अख्ख्या बंदरात असं काम नाही, म्हणाले. मिस्त्रींनी खाकरून सांगितलं की एक गोष्ट न विचारता केली आहे. तळाची एक फळी अजून ठोकलेली नाही. बघून घ्या, नको असेल तर तासून टाकू.

गेल्या आठवड्यात बाबांनी तिला दुपारभर लाकूड आणायला पिटाळलं होतं, तेव्हाच मुलीला शंका आली होती. चाळीस वर्षांत एकाही होडीवर त्यांनी आपलं नाव घातलं नव्हतं. उशिरा का होईना, सुचलं. तिनं हसत फळी उचलली.

खाली कण्यावर अक्षरं चाचपडत कोरलेली होती. एक काना तर दोनदा पडला होता. मालकांनी ती सावकाश जुळवली.

“हे तर बाईमाणसाचं नाव आहे.”

मुलीचं हसू ओठांवरच राहिलं. नाव तिचं होतं.

“फासळ्या तिनं वाकवल्या, सांधे तिनं भरले,” मिस्त्री म्हणाले. “मी गोष्ट ऐकत होतो.”

मालकांनी फासळ्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाले, राहू द्या.

मुलीनं फळी जागेवर बसवली. बोलावं लागू नये म्हणून खिळे तोंडात धरले. पहिला घाव चुकला. दुसरा बसला. ती ठोकत राहिली, आणि मिस्त्री डोळे मिटून प्रत्येक घावाला मान हलवत राहिले.