अकरावी हार

“दोन घरांनी,” अन्वर म्हणाला आणि त्याने मोजणीचे बोट पटावरून उचलले.

गिरधर गुरुजींनी डाव्या हाताने वहीत निकाल लिहिला. सलग अकरावा रविवार, सलग अकरावी हार. कधी एका घराने, कधी दोन घरांनी.

पिंप्राळ्यातील त्यांच्या घराच्या पुढल्या खोलीत ‘गो’चा हा खेळ तीस वर्षे चालत आला होता. धुळ्याच्या एका शिक्षक-शिबिरात गुरुजी तो शिकून आले आणि शाळेची फरशी घासायला आलेल्या अन्वरला त्यांनी तो शिकवला. पटावर एकोणीस रेषा आडव्या, एकोणीस उभ्या. एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे. ज्याने अधिक रिकाम्या जागा, म्हणजे घरे, वेढली, तो जिंकला. खडे अन्वरनेच घडवले होते. काळे भडगावहून आणलेल्या गिरणा नदीतल्या गोट्यांचे, पांढरे उरल्यासुरल्या संगमरवराचे. काळे बरोबर एकशे एक्क्याऐंशी, पांढरे एकशे ऐंशी.

दोघांची एक रीत होती. डाव संपला की हरणाऱ्याने तो आरंभापासून पुन्हा मांडायचा आणि आपल्या चुका मोठ्याने सांगायच्या. जिंकणाऱ्याने मौन पाळायचे.

मार्गशीर्षात गुरुजींना पक्षाघात झाला. उजव्या हातात थोडे बळ परतले, वाणी मात्र परतेना. ज्या मुखाने पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले, त्या मुखातून अर्धा शब्द बाहेर पडे आणि अर्धा आतच राही. वाचा-उपचार करणाऱ्या दीपमालाबाईंनी आकडे म्हणायला लावले, तेव्हा ‘एक्क्याऐंशी’ला जीभ अडली ती अडलीच.

“आठवड्यातून एकदा तरी तासभर सलग बोला,” त्या म्हणाल्या होत्या. “कशावरही बोला. नाही बोललात, तर आहे तेही जाईल.”

रिक्षाने त्यांना तिथे अन्वरच नेत असे. त्या दिवशीही तो दाराशी उभा होता.

घरी आल्यावर गुरुजी बोलेनात. पत्नी कोकिळाबाईंकडे पाणीसुद्धा खुणेने मागत. आपली तुटकी वाणी कोणाच्या कानी पडू नये म्हणून त्यांनी फोन उचलणे सोडले. हरल्यावर, रीत म्हणून, रविवारी तेवढे बोलावे लागे.

वाणी गेली आणि आता बुद्धीही चालली, हे शल्य त्यांना आतून पोखरत होते. आजारापूर्वी हारजीत निम्मी-निम्मी असे. आता आठवडाभर ते वहीतल्या चाली पटावर मांडत, एकेक तपासत. लहानसहान दोष सापडत, पण डाव जावा असे काही दिसत नसे. तेव्हा, चूक ओळखण्याइतकीही दृष्टी आपल्यापाशी उरली नाही, असा निष्कर्ष ते काढत. मोजणी पुन्हा करून पाहावी, असे त्यांच्या मनालाही शिवले नाही. मोजणी अन्वर करी. डावात वेढून पकडलेले गुरुजींचे काळे खडे आपल्या मांडीजवळच्या, डब्याच्या झाकणातून काढून तो गुरुजींच्या वेढलेल्या जागेत भरी. जितके खडे भरले, तितकी घरे उणी. मग सारे खडे आपापल्या डब्यात जात. मित्राची मोजणी तपासण्याचे काय कारण?

कोकिळाबाई चहा घेऊन आल्या. कप घेणाऱ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, “अन्वरभाई, दोन वर्षे झाली फरशी घासायचे मशीन पोराच्या हाती देऊन. नखे मात्र अजून काळीच.”

“दगडाची सवय सुटत नाही, वहिनी,” अन्वर म्हणाला आणि त्याने मूठ मिटली.

गुरुजींनी वही बंद केली.

“अन्वर, हा शेवटचा डाव.”

“का, गुरुजी?”

“माझ्या बुद्धीत आता काही राहिले नाही. तुझे खडे तू घेऊन जा.”

अन्वरने कप खाली ठेवला.

“शेवटचा तर शेवटचा,” तो म्हणाला. “पण रीत पुरी करा. जन्मभर पोरांच्या चुका काढून पगार खाल्ला. आता फुकट काढायची वेळ आली, तर पळता होय?”

गुरुजींना हसू आले. त्यांनी पट मोकळा केला आणि पहिला खडा पुन्हा ठेवला.

मग ते बोलू लागले. सत्तेचाळिसाव्या चालीला लोभ कसा धरला, उजवा कोपरा राखता आला असता तो भयाने कसा सोडला, मधल्या खड्यांना आधार देण्याऐवजी शत्रूच्या मागे कसे धावलो. प्रथम दोनदा थांबले, नंतर थांबले नाहीत. कोकिळाबाई रिकामे कप घ्यायला आल्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. अन्वर खाली मान घालून ऐकत होता.

तासाभराने गुरुजी पाणी प्यायले. दोघांनी मिळून खडे डब्यांत भरले.

“संच उद्या नेतो,” अन्वर उठत म्हणाला. दाराशी जाऊन चपलेत पाय घालताना थांबला. “फिरून विचार करा, गुरुजी.”

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. अन्वरची स्कूटर गल्लीच्या वळणापलीकडे गेली.

सोपवायची वस्तू मोजून सोपवावी, ही त्यांची शाळेपासूनची सवय. त्यांनी दोन्ही डबे पुढ्यात ओढले. पांढरे खडे मोजले. एकशे ऐंशी. मग काळे मोजायला घेतले. मोजणी चुकू नये म्हणून प्रत्येक खडा उचलून पटावर ठेवताना ते आकडा मोठ्याने म्हणत होते. आत कोकिळाबाईंनी नळ बंद केला आणि त्या ऐकत राहिल्या.

“एकशे एकोणऐंशी. एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी.”

शब्द स्वच्छ उमटला, पूर्वी वर्गात उमटत असे तसा. गुरुजींनी डब्यात पाहिले. तळाशी अजून ओंजळभर काळे खडे होते. अन्वरच्या मांडीजवळचे झाकण त्यांना आठवले.