सरूबाईंचा डावा कान

श्रीनिवास डॉक्टरांनी पोलादी तारेचा आकडा कानातल्या हाडाला अडकवला आणि दुर्बिणीवरून डोळे काढले. तार बसली! मुंबईत दुसऱ्यांना असं ऑपरेशन करताना त्यांनी ढीगभर वेळा पाहिलं होतं. स्वतःच्या हातानं हे पहिलंच.

टेबलावर हर्सूलच्या सरूबाई होत्या. दर बाळंतपणानंतर त्यांचं ऐकणं कमी होत गेलेलं. कानातलं तांदळाच्या दाण्याएवढं हाड गोठून बसलं होतं, ते काढून त्याच्या जागी आता ही तार, शेजारच्या हाडाला अडकवलेली. धाकटी पोर चार वर्षांची झाली, तरी तिचं बोलणं त्या ओठांकडं बघून ओळखायच्या. आवाज कसा आहे, ठाऊक नव्हतं. ऑपरेशन फसलं तर या कानाचं उरलंसुरलंही जाणार होतं. डॉक्टरांनी ते आधीच बजावलं होतं. तरी बाईंनी कागदावर अंगठा उठवला होता.

बधिर फक्त कान केला होता, बाई जाग्या होत्या. तोंडावर कापड असल्यामुळं ओठ वाचायची सोय नव्हती. आता हळूच काहीतरी विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच. पण इतका शिकलेला माणूस, ऐन वेळी त्यांना काही सुचेचना. समोरच्या केसपेपरवर नजर गेली आणि ते कुजबुजले, "तुमच्या मालकाचं नाव काय?"

डॉक्टर कापडाजवळ वाकले.

"बाई, मालकाचं नाव सांगा."

कापडाखाली हूं नाही की चूं नाही. आशाबाई सिस्टर म्हणाल्या, "जाग्या आहेत, सर. माझा हात गच्च धरलाय."

"मालकाचं नाव काय?" या वेळी डॉक्टर एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेर बाकावर बसलेला बद्रीनाथ, सरूबाईंचा नवरा, दचकून उभा राहिला.

चांगल्या बाईचा कान आपण घालवला, या विचारानं डॉक्टरांना रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात कापडाखालून सरूबाई लाजत बोलल्या, "वरडू नका हो, डाक्टरसाहेब, लई मोठ्यानं येतंय! पयल्यांदा हळू इचारलं, तवाच समदं ऐकू आलं. पर त्यांचं नाव कसं घेऊ मी? ते काय, भाईर खोकतायत ते!"